शाळेच्या पडवीतली घुसळण

ज्या दिवशी मी दाराआडून "मी येते" म्हणाले, त्या दिवशी माझ्याकडे मोकळा असा घटकाभरही वेळ नव्हता. तोंडातून शब्द कसे निघाले, ते आजही मला सांगता येणार नाही. निघाले एवढं खरं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. माझं सासर रेवदंड्यापासून दीड-दोन मैल आत, भातशेतीच्या गावात. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. नवरा मुंबईला गोदीत कामाला. महिन्यातून एकदा लाँचनं रेवसला उतरून यायचा, दोन दिवस राहायचा आणि जाताना पिशवीभर नारळ घेऊन जायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघं आणि गोठ्यात एक म्हैस.

उजाडायच्या आधी उठून गोठा काढायचा, अंगणात सडा टाकायचा, विहिरीवरून पाण्याच्या सहा खेपा करायच्या, चूल पेटवायची, ताक घुसळायचं, तांदळाच्या भाकऱ्या भाजायच्या, शेतावर न्याहारी पोचवायची. दुपारी जेवणं झाल्यावर आळीतल्या बाकीच्या बायका जरा कलंडायच्या, तेव्हा मी भात कांडायला बसायची. मी माहेरी सातवी पास झाले होते. सातवी पास सून म्हणून लग्नात माझं फार कौतुक झालं, पण त्यानंतर दोन वर्षांत एक कागद हातात आला नव्हता. वाण्याच्या पुडीवरचं छापील वाचायला मिळालं तरी मला बरं वाटायचं.

त्या दिवशी शाळेतले गुरुजी आमच्या ओटीवर आले. एकशिक्षकी शाळा, तेच हेडमास्तर, तेच सगळं. हडकुळे, काळी टोपी घालणारे, बोलताना सारखे घसा खाकरणारे. ते मामंजींना म्हणाले, "अलिबागेहून दुधाची पावडर आलीय. परदेशातली. सरकारचं म्हणणं, शाळेतल्या प्रत्येक पोराला रोज सकाळी पेलाभर दूध द्यायचं. पण मी शिकवू का दूध ढवळू? कुणी बाईमाणूस मिळालं तर बरं होईल. पगारबिगार काही नाही. गावाचं काम म्हणून करायचं. रोज तासभर."

मामंजी म्हणाले, "तासभर? आमच्या घरात कुणाला तासभर वेळ हाय?"

आणि मी दाराआडून म्हणाले, "मी येते."

 गुरुजींचं खाकरणंसुद्धा थांबलं. सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू चुलीतलं लाकूड बोललं.

सासूबाई चणीनं लहान, पण आवाज असा की शेताच्या बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या गावातली माणसं मागं वळून बघायची. त्या माणसानं वाईट नव्हत्या. फक्त त्यांच्या घरात कामं त्यांच्या पद्धतीनं व्हायची आणि हसणं तोंडावर पदर धरून व्हायचं. गुरुजी गेल्यावर त्या म्हणाल्या, "जायचं तर जा. गुरुजींना न्हाय सांगून मी तुझा शब्द खाली पाडायची न्हाय. पण माझ्या एका कामात खोट झाली ना, तर तिथल्या तिथं बंद."

"कधी जाऊ?" मी विचारलं.

"ते तू बघ. वेळ कुठून काढायचा तो काढ."

मी दोन दिवस वेळ शोधत फिरले. अक्षरशः शोधला, हरवलेली सुई शोधावी तसा. गोठ्याच्या वेळात सापडला नाही, विहिरीच्या वेळात सापडला नाही. तिसऱ्या दिवशी सापडला, तो दारात, मासळीच्या पाटीजवळ.

आमच्याकडे रोज सकाळी न्याहारीच्या सुमारास रेवदंड्याहून एक कोळीण मासळी घेऊन यायची. पस्तिशीची, उंचनिंच, ठसठशीत. डोक्यावर पाटी घेऊन चालायची ती जशी काही मिरवणुकीत पुढं आहे. तिला सगळा गाव मावशी म्हणायचा. मावशीनं पाटी अंगणात टेकवली की तिची आणि सासूबाईंची घासाघीस सुरू व्हायची. मासळी शिळी आहे इथून सुरुवात. मग मावशीच्या नवऱ्याच्या होडीपर्यंत, तिच्या सासऱ्यांपर्यंत, एकमेकींच्या माहेरच्या गावांपर्यंत विषय जायचा. दोघी हातवारे करून ओरडायच्या. मावशी दोनदा पाटी उचलून निघून जायची आणि दोनदा परत यायची. हे सगळं होताना मी हातात ताट घेऊन खांबाला टेकून उभी. शेवटी सौदा ठरला की ताटात बोंबील नाहीतर मांदेली पडायची आणि मी आत जायची. त्या दिवशी मी सूर्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी रोज तासभर नुसती ताट धरून उभी असते!

दुसऱ्या दिवशी गावाच्या तोंडाशीच मी मावशीला गाठलं. घागर कमरेवर घेऊन धावतच गेले.

"काय गो बाय, वाटेन कनाला उभी? सासूनं हाकललीन काय?"

मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "ताट ओट्यावर ठेवून मी जाईन. तेवढा वेळ त्यांना मला हाक मारायची आठवण होऊ नये. तुम्ही फक्त सौदा लवकर ठरवू नका."

मावशी पाटीसकट हलायला लागली, इतकी हसली. "लवकर? अगो, तुजे सासूला मी दुपारपरत धरून ठेवीन. आनी माजी दोन पोरा हाईत त्याच शालंत. जा तू. मी बगतंय."

असा मला तास मिळाला. चोरून नव्हे, परवानगी होतीच, पण चोरल्यासारखा गोड लागला. मी डोक्यावर पदर घेऊन शाळेच्या वाटेला लागले, तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज येत होता, "ही काय कोलंबी हाय? ही तर मुंगी!" पहिल्या वळणापर्यंत मी चालले. वळण पार झाल्यावर धावले.

शाळा म्हणजे एक कौलारू खोली आणि पुढं पडवी. पडवीत पुठ्ठ्याचं गोल पिंप होतं आणि देवळातून आणलेलं गावजेवणाचं तपेलं तीन दगडांवर ठेवलेलं. पिंपावर इंग्रजीत काहीतरी छापलं होतं. गुरुजींनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, "गरम पाण्यात मिसळावे असं लिहिलंय." पाणी तर सळसळून उकळत होतं. मी ओंजळी भरभरून पावडर आत टाकली आणि पळीनं ढवळायला लागले.

दुधाच्या गाठी झाल्या. साध्यासुध्या नाहीत, लिंबाएवढ्या. बाहेरून चिकट, आतून कोरड्या. मी जितकी ढवळत होते तितक्या त्या गोल आणि घट्ट होत होत्या. खाली पाणी पांढरट आणि वर हे लाडू तरंगतायत. साठेक पोरं रांगेत पेले घेऊन उभी. पहिल्या पोराच्या पेल्यात एक लाडू पडला. त्यानं तो काढला, दाबून बघितला आणि रांगेत मागच्याला मारला. तो फुटला. आतली कोरडी पावडर भस्सकन उडाली. मग जे काय झालं ते विचारू नका. गुरुजी छडी घेऊन पडवीत धावत होते आणि त्यांची काळी टोपी पांढरी झाली होती. ते मला म्हणाले, "बाई, उद्या जरा..." आणि पुढं त्यांना ठसका लागला.

मी घरी परत आले ती पदरानं तोंड पुसत. अंगणात घासाघीस चालूच होती. मावशीनं माझ्या भुवयांवरची पावडर बघितली आणि बोलता बोलता अडखळली. सासूबाई गरजल्या, "मग? गप का झालीस? हरलीस ना?"

असे चार दिवस गेले. रोज गाठी. मी पाणी कमी करून बघितलं, जास्त करून बघितलं, हातानं कुस्करून बघितलं. पाचव्या दिवशी वाटेत मावशीला म्हणाले, "मला नाही जमत. उद्यापासून बंद करते."

मावशीनं पाटी खाली ठेवली. "घरान ताक कसं करतंस? पलीनं ढवलतंस?"

"नाही. रवीनं."

"मग?"

 एवढी साधी गोष्ट! पण एवढ्या मोठ्या तपेल्यात घरातली लहान रवी बुडून जाईल. हवी होती ती मोठी रवी, सासूबाईंची, त्यांच्या माहेराहून आलेली. दिवाळीच्या सुमारास दूध जास्त असलं की तीच निघायची, आणि त्या सोडून तिला कुणी हात लावलेला मी बघितला नव्हता. शिवाय तिची दोरी ओढायला माणसं दोन हवीत.

"दुसरी मी येतंय," मावशी म्हणाली.

"मग सासूबाईंना कोण धरून ठेवणार?"

"आज सौदा झटकन उरकतंय. एक दिवसानं काय व्हतंय?"

तिथंच आमची चूक झाली.

मी मागच्या दारानं रवी पदराखाली घेऊन निघाले. ती एवढी लांब होती, की तिचं टोक माझ्या खांद्यावरून पदर उचलून वर आलं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, बाईला शिंग फुटलंय. इकडे अंगणात मावशीनं पाटी टेकली, सासूबाईंनी नेहमीसारखी अगदी खालची, भांडणापुरती बोली केली आणि मावशी म्हणाली, "घे."

हे पुढचं मला मामंजींनी नंतर सांगितलं. सासूबाई म्हणे अवाक् झाल्या. "घे म्हणजे?" "घे म्हंजे घे." मावशीनं मासळी ताटात टाकली आणि ती पाटी उचलून भराभरा निघाली. एकदाही परत फिरली नाही. सासूबाई ताटाकडे बघत उभ्या राहिल्या. मासळी ताजी होती, भाव त्यांच्या मनासारखा होता आणि त्यांचा चेहरा कुणी घरात दगावल्यासारखा झाला होता. "काहीतरी झालंय," त्या मामंजींना म्हणाल्या. "कोळीण भांडली न्हाय." त्या अस्वस्थ होऊन घरात फिरल्या, आणि फिरताना त्यांना दिसलं, की माळ्याखालच्या खुंटीवर रवी नाही.

शाळेच्या पडवीत तोवर आम्ही रवी खांबाला अडकवली होती. मावशीनं आधी थोड्या कोमट पाण्यात पावडर घातली. दोरीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती ओढी, मी सोडी. मी ओढी, ती सोडी. मावशी वल्हं मारणाऱ्या घरातली. तिनं पहिला हिसका दिला तो असा, की मी पायावरून उठले आणि तपेल्याला जाऊन थडकले. दूध उसळलं, माझ्या तोंडावर आलं. "अगो हलू! होरी नाय ती!" ती स्वतःलाच ओरडली. मला हसू फुटलं.

ते कसलं हसू होतं! दोन वर्षं पदराखाली दाबलेलं सगळं एकदम वर आलं. मी हसले, मावशी हसली, दोघींच्या हातातली दोरी सैल पडली, रवी गटांगळी खाऊन आडवी झाली, ते बघून आणखी हसलो. पोटात कळा यायला लागल्या. मी खांबाला धरून खाली बसले. पोरं खिडकीच्या गजांना चिकटून आम्हाला हसत होती, आम्ही पोरांना हसत होतो. आत गुरुजी पाढे म्हणून घेत होते, तेही "सात सक..." वर अडकले आणि त्यांचा आवाज फाटला.

मग एकाएकी पोरं गप्प झाली. मी वळून बघितलं. पायरीशी सासूबाई उभ्या होत्या. पायात काही नाही, पदर खोचलेला, श्वास लागलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आडव्या रवीकडे बघितलं.

मला वाटलं, संपलं. तिथल्या तिथं बंद.

सासूबाई पडवीत चढल्या. रवी उचलून त्यांनी सरळ केली, खांबाचा फास तपासला आणि तोंड वाकडं केलं. "हा फास कुणी बांधला?"

"मी," मावशी म्हणाली.

"होडी बांधायचा हाय हा. रवीचा असा नसतो." त्यांनी गाठ सोडली, नवी बांधली. दोरीचे दोन वेढे टाकले, दोन्ही टोकं स्वतःच्या हातात घेतली आणि एक पाय पुढं रोवून घुसळायला लागल्या. घर्रर्र, घर्रर्र. एवढीशी बाई, पण ती लय बघायला गुरुजीसुद्धा बाहेर आले. थोड्याच वेळात तपेल्यात एक गाठ उरली नाही. वर बोटभर फेस आला. पोरांना तो फेस इतका आवडला, की सगळ्यांना मिशा हव्या होत्या.

सासूबाईंनी वाकून वास घेतला. "साय येते काय ह्याला?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "साय काढूनच पावडर करतात."

"मग हे दूध न्हाय. नुसता रंग हाय." घरी जाताना त्यांनी रवी माझ्या हातात दिली आणि पुढं चालू लागल्या. मी जीव मुठीत धरून मागं. आमची आळी दिसायला लागल्यावर त्या न वळताच म्हणाल्या, "उद्या मी येते. माझी रवी हाय ती. तुम्ही मोडाल."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघी जाऊ लागलो. मासळीची घासाघीस शाळेच्या पायरीवर हलली. घुसळताघुसळता भांडता येतं हा शोध त्या दोघींना लागला आणि दोघी खूश झाल्या. मावशीची पाटी तिथं येते म्हटल्यावर आळीतल्या बायकाही तिथंच यायला लागल्या. आल्या की आपसूक कुणी पेले विसळायची, कुणी चूल फुंकायची. आमच्या घरची कामं कुठं गेली नव्हती, पण सासूबाई आता भाकऱ्यांना माझ्या बरोबरीनं बसत, कारण त्यांना शाळेला उशीर झालेला खपत नसे.

पंधरा-वीस दिवसांनी गावात बोलवा उठली, की ही पावडर म्हणजे जनावरांच्या हाडांची पूड. कुणी उठवली कळलं नाही. दोन दिवसांत अर्धी पोरं दूध घेईनाशी झाली. आयांनी पेलेच दिले नव्हते. गुरुजी घरोघर जाऊन समजावून आले, कुणी ऐकेना. मावशी म्हणाली, "मी रोज पितंय, मना काय झालं?" तर बायका म्हणाल्या, तू कोळीण, तुला काय पचत नाही!

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोर बायका उभ्या होत्या. पेले घेऊन नाही, बघायला. सासूबाईंनी घुसळणं थांबवलं. त्या बाहेर कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मावशी त्यांना हळूच म्हणाली, "तुज्यानं व्हवाचं नाय. ऱ्हाव दे."

एवढं पुरलं. सासूबाईंनी एका पोराच्या हातातला पेला घेतला, तपेल्यात बुडवला, पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या देखत एका दमात पेला रिकामा केला. त्यांच्या वरच्या ओठावर फेसाची मिशी आली होती. कुणाचीही हसायची छाती झाली नाही.

"हाडं न्हाईत ह्यात," त्या त्यांच्या बांधावरच्या आवाजात म्हणाल्या. "हाडांना चव असते. ह्याला तीपण न्हाय. पण पोरांच्या पोटात जायला काय हरकत हाय?"

आधी गुरुजी हसले. मग सगळ्या. त्या सकाळी तपेलं पुरलं नाही, आम्हाला दुसऱ्यांदा पाणी ठेवावं लागलं.

त्या महिन्यात नवरा आला तेव्हा घरी फक्त मामंजी होते, ओटीवर सुपारी कातरत. "दोघी कुठं गेल्या?" "शाळेत." "आई शाळेत?" तो पिशवी खांद्यावरून न काढताच शाळेत आला. त्यानं बघितलं, की त्याची आई दोरी ओढतेय, त्याची बायको पांढऱ्या भुवयांनी पोरांना रांगेत उभं करतेय आणि एक कोळीण त्याच्या आईला "चोर" म्हणतेय. तो शाळेपुढच्या पेरूच्या झाडाखाली उभा राहिला. मग त्यानंही एक पेला मागितला. पिऊन झाल्यावर मला म्हणाला, "तू अशी मोठ्यानं हसतेस, हे मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "मलाही कुठं होतं?"

पावडर काही वर्षं येत राहिली, मग एका वर्षी आलीच नाही. तोवर आमचा तास मात्र आमच्या हाडीमाशी खिळला होता. त्या तासात मी लहान पोरांना गाणी शिकवायला लागले, बायकांना सही करायला शिकवलं, मुंबईहून आलेली पत्रं वाचून दाखवली. मला स्वतःला दोन मुली झाल्या, त्याही पडवीत वाढल्या. लोक विचारायचे, एवढ्या संसारात तुला वेळ कसा मिळतो? मी काय सांगणार?

पहिल्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी सगळ्या पोरांना समुद्रावर न्यायचं ठरवलं. पोरं सांभाळायला आम्ही तिघी. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मावशीच्या लोकांनी वाळत घातलेल्या बोंबलांच्या माळांमधून आम्ही रांग नेली. पोरं वाळूत सुटली. सासूबाई काठावर उभ्या राहिल्या. मावशीनं त्यांना विचारलं, "ये ना गो पान्यान. येवढ्या जवल ऱ्हातंस, कदी उतरलीस काय?"

सासूबाई म्हणाल्या, "मला कुठं वेळ होता?"

मग मी त्यांचा एक हात धरला, मावशीनं दुसरा. त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं. पहिली लाट पायाला लागली तशा त्या किंचाळल्या, दुसरीला मागं पळाल्या आणि तिसरीला आमचे दोघींचे हात झटकून स्वतःच पुढं गेल्या. मोठी लाट आली. त्या कमरेपर्यंत भिजल्या, पदर पाण्यावर तरंगला, तोंडात पाणी गेलं. वळून आमच्याकडे बघत त्या सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगो, हे तर खरंच खारट हाय!"